नव्या संगणकावर जुने टपाल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला असे नाही. पण जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांवर पुढची प्रणाली, म्हणजे विंडोज ११, बसत नाही. त्यामुळे शाळांतून, ग्रामपंचायतींतून आणि घरोघरी नव्या यंत्राची बोलणी सुरू झाली. नवे यंत्र येते, जुने कोपऱ्यात जाते, आणि तिथून ते दुकानदाराकडे बदल्यात किंवा भंगारात जाते. मग महिन्या-दोन महिन्यांनी कोणी तरी विचारतो, "गुरुजी, पंचायत समितीला आपण उत्तर पाठवलं होतं ना? त्याची प्रत काढा बरं." काढायला बसावे तर नव्या यंत्रावर ते पत्रच नाही.

बाभुळगाव हे तालुक्याचे गाव. तालुक्यातल्या लहान लहान शाळांचासुद्धा बराच पत्रव्यवहार आता ई-मेलवर चालतो. एखाद्या शिक्षकाच्या निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात त्रुटी निघाली, तर "आम्ही अमुक तारखेला कळवले होते" हे दाखवायला तेच पत्र पुढे करावे लागते. म्हणून नवे यंत्र मांडण्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा: आपली पत्रे राहतात कुठे?

प्रश्न साधा दिसतो, पण त्याची उत्तरे दोन आहेत. आपल्या पोस्टाचीच रीत घ्या. एक तर पोस्टमन पत्र घरी आणून देतो; पत्र आपल्याकडे आले की पोस्टात काही उरत नाही. किंवा पोस्टातच आपली पेटी असते. आपण तिथे जातो, पत्र वाचतो आणि परत पेटीत ठेवून येतो. ई-मेलमध्ये पहिल्या रीतीला 'पॉप' म्हणतात आणि दुसरीला 'आयमॅप'. दुसरी रीत अलीकडची असेल असे वाटते, पण ती १९८६ साली मार्क क्रिस्पिन यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली. आपल्याकडे मात्र आधी रूढ झाली ती पहिली, आणि त्याचे कारण टेलिफोनचे बिल! १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होई आणि मिनिटामिनिटाला पैसे पडत. म्हणून जोडणी करायची, पत्रे भराभर उतरवून घ्यायची, तार सोडायची आणि मग निवांत वाचायचे. त्या काळी हे शहाणपणाचेच होते. आज त्याचा परिणाम असा, की अशा खात्याची जुनी पत्रे त्या एका यंत्रातच आहेत, जगात दुसरीकडे कुठे नाहीत.

आपले खाते कोणत्या रीतीचे, हे ओळखण्याची एक परीक्षा आहे. मोबाइलवर किंवा दुसऱ्या कोणाच्या संगणकावर ब्राउझर उघडा, आपल्या ई-मेलच्या खात्यात शिरा आणि सर्वांत जुने पत्र शोधा. जुन्या यंत्रावर २००९ सालापासूनची पत्रे दिसतात आणि ब्राउझरमध्येही २००९ पासूनच दिसतात, तर पेटी पोस्टात आहे; निम्मी काळजी मिटली. ब्राउझरमध्ये शेवटच्या पंधरा दिवसांचीच पत्रे दिसत असतील, तर बाकीची घरी उतरली आहेत. काही कार्यक्रम चौदा दिवस पोस्टात प्रत ठेवतात आणि मग काढून टाकतात, हे लक्षात असू द्या. ही परीक्षा आलेल्या पत्रांवर थांबवू नका. पाठवलेल्या पत्रांचा कप्पाही उघडून पाहा. पॉपच्या रीतीत आपण पाठवलेले पत्र ज्या यंत्रावरून पाठवले तिथेच राहते, आणि आपल्या कामाचा पुरावा तर नेमका त्याच कप्प्यात असतो.

तिसरा एक प्रकार आहे, आणि तो फार फसवा. पेटी पोस्टातच असते, पण जीमेलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा भरत आली म्हणून कोणी तरी जुनी पत्रे उचलून संगणकातल्या 'लोकल फोल्डर'मध्ये टाकलेली असतात. मग नवी पत्रे आपोआप नव्या यंत्रावर येतात, सर्व ठीक वाटते, आणि जुनी दहा वर्षे जुन्या यंत्राबरोबर भंगारात जातात.

घरी उतरलेली पत्रे नेण्याची रीत कार्यक्रमाप्रमाणे बदलते. विंडोज एक्सपीच्या काळातला आउटलुक एक्सप्रेस अजून कुठे चालू असेल, तर ते यंत्र जिवंत आहे तोवरच काम उरका, कारण हा कार्यक्रम पुढच्या विंडोजमधून काढून टाकला गेला आणि त्याच्या 'डीबीएक्स' फाइली आजचे कार्यक्रम सहसा वाचत नाहीत. कप्प्यातली सारी पत्रे निवडून एका रिकाम्या फोल्डरमध्ये ओढली, की प्रत्येक पत्राची वेगळी फाइल होते. तिला 'ईएमएल' म्हणतात आणि ती आजही वाचता येते. ऑफिससोबत येणाऱ्या आउटलुकची पत्रे एका 'पीएसटी' फाइलीत असतात; ती बहुधा 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरमध्ये सापडते. नव्या विंडोजबरोबर फुकट येणारा आउटलुक वेगळा आणि हा वेगळा. पीएसटी नीट उघडायची तर ज्याला 'क्लासिक' म्हणतात तोच हवा. नाव एक ठेवून वस्तू दोन विकण्याची ही तऱ्हा मला काही पटत नाही, पण आहे ती अशी आहे.

मोझिलाचा थंडरबर्ड हा फुकट मिळणारा कार्यक्रम या बाबतीत सरळ आहे. त्याची पत्रे, पत्त्यांची वही, मांडणी सारे एका फोल्डरमध्ये असते. त्याला 'प्रोफाइल' म्हणतात. 'हेल्प' यादीतल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मध्ये तो उघडण्याचे बटण आहे. जागा पाहून ठेवायची, थंडरबर्ड पूर्ण बंद करायचा आणि मग तो फोल्डर अख्खा उचलून न्यायचा. नव्या यंत्रावरचा थंडरबर्ड जुन्यापेक्षा मागचा मात्र नको. मागच्या आवृत्तीला पुढचा फोल्डर मानवत नाही.

नेण्याच्या कामात दोन अडचणी येतात. आपण बाजारातून पेनड्राइव्ह आणतो, तो पुष्कळदा 'फॅट ३२' या जुन्या बांधणीचा असतो. त्याच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना! वर्षानुवर्षांची पीएसटी सहज तेवढी होते. तेव्हा पेनड्राइव्ह रिकामा असतानाच तो 'एक्सफॅट' किंवा 'एनटीएफएस' बांधणीत तयार करून घ्या. दुसरी अडचण आपल्या परिचयाची: नक्कल अर्ध्यावर असताना लाईन जाते. लाईन आल्यावर फाइल तिथे दिसते खरी, पण ती अर्धीच असते. म्हणून दोन्हीकडचे आकार ताडून पाहावेत, आणि पाच-दहा जुनी पत्रे जोडपत्रांसकट उघडून पाहावीत. तोवर जुन्या यंत्राला हात लावू देऊ नये.

आता पत्त्यांची वही. पत्रे आणि पत्ते एकाच खिडकीत दिसतात म्हणून ते एकत्रच राहतात असा आपला समज असतो. तसे नाही. आउटलुकमध्ये आयमॅपचे खाते असले, तर पत्रे नव्या यंत्रावर आपोआप परततात, पण 'धिस कम्प्यूटर ओन्ली' असे लिहिलेल्या कप्प्यातले पत्ते परतत नाहीत. नावातच सांगितले आहे, की हे फक्त या यंत्रापुरते! त्यांची निर्यात वेगळी करावी लागते.

त्याहून घोटाळ्याची गोष्ट म्हणजे आपोआप सुचणारे पत्ते. दोन अक्षरे टाइप केली की गटशिक्षणाधिकाऱ्यांचा पत्ता खाली उमटतो. आपण समजतो, पत्ता वहीत आहे. तो वहीत नसतोही. कार्यक्रमाने तो आठवणीसाठी बाजूला टिपलेला असतो. थंडरबर्डमध्ये तो 'कलेक्टेड ॲड्रेसेस'मध्ये असतो आणि जीमेलमध्ये 'अदर कॉन्टॅक्ट्स'मध्ये. वहीची निर्यात करताना या यादीची निर्यात निराळी करावी. आणि सारेच हरवले तरी पाठवलेल्या पत्रांत पत्ते असतातच. वेळ लागेल, पण मिळतील.

पत्त्यांची निर्यात बहुधा 'सीएसव्ही' फाइलीत होते. माझे आग्रहाचे सांगणे आहे, की ही फाइल कुतूहल म्हणून एक्सेलमध्ये उघडलीत तरी तिथे जतन करू नका. एक्सेलला फोन नंबर म्हणजे एक संख्या वाटते. यवतमाळचा कोड ०७२३२, त्यातले पहिले शून्य तो गाळतो. देशाच्या ९१ सकट सलग लिहिलेला बारा आकडी मोबाइल नंबर तो आखूड करून गणिती पद्धतीने दाखवतो, आणि जतन केले की मागचे आकडे कायमचे जातात. मराठी नावांच्या जागी तर चित्रविचित्र चिन्हेच उमटतात. फाइल जशी निघाली तशीच नव्या वहीत आयात करायची. आयात तीनदा केली तर प्रत्येक माणूस तीनदा येतो, हेही ध्यानात ठेवा. गूगलच्या वहीत मात्र ३० दिवसांच्या आतले बदल मागे फिरवण्याची सोय आहे, तेव्हा घाबरून एकेक नाव पुसत बसू नये.

मराठी नावांचा प्रश्न थोडा खोलात शिरून पाहू, कारण इंग्रजीत वही ठेवणाऱ्यांना तो कधी पडत नाही. आपल्याकडे पुष्कळ शाळांत खरी पत्त्यांची वही म्हणजे एक्सेलमधली एक जुनी यादी असते, आणि ती श्रीलिपी, कृतिदेव, आकृती किंवा योगेश अशा फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. या फॉन्टांत यंत्राच्या पोटात मराठी अक्षर नसतेच. आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि त्यांच्या जागी मराठी आकार दाखवण्याचे काम फॉन्ट करतो. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि आतली चिन्हे उघडी पडतात. यादी बिघडलेली नसते. जुन्या यंत्रातला फॉन्ट आणून बसवला की ती पुन्हा वाचता येते; मग फॉन्ट-परिवर्तकाने ती युनिकोडमध्ये करून घ्यावी. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे, तिथे 'ब' हा 'ब'च असतो, फॉन्ट कोणताही लावा. एकच जपायचे: परिवर्तक फक्त नावांच्या रकान्यावर चालवा. ई-मेलच्या पत्त्यांचा रकाना मुळात इंग्रजीच आहे. त्याच्यावर परिवर्तक चालवला तर सारे पत्ते मातीमोल होतील.

जुन्या मोबाइलमधून काढलेल्या 'व्हीसीएफ' फाइलीत कधी नावाऐवजी 'बरोबरचे चिन्ह, ई, शून्य, बरोबरचे चिन्ह, ए, चार' अशी लांबच लांब माळ दिसते. तेही बिघडलेले नाव नव्हे. प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन भागांत साठवले जाते, ते भाग उलगडून लिहिलेले असतात, इतकेच. फाइल हाताने दुरुस्त न करता आयात केली, तर बहुतेक वेळा नावे सरळ उमटतात.

आणि एक बारीक गंमत. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र काढत. दिसायला दोन्ही सारखी, पण यंत्राला निराळी. म्हणून 'ॲड.' असे शोधले तर वहीतले जुने वकीलसाहेब सापडत नाहीत. आडनावाने शोधावे.

शेवटी राहिल्या किल्ल्या. पत्रे पोस्टातल्या पेटीत असली तरी ती उघडायला पासवर्ड लागतो, आणि नवे यंत्र दिसले की खाते खात्री करून घेण्यासाठी एका मोबाइलवर अंक पाठवते. तो मोबाइल कोणाचा? शाळेचे खाते पाच वर्षांपूर्वी ज्या मुख्याध्यापकांनी उघडले, त्यांचा. त्यांची बदली कधीच झाली आणि नंबरही बदलला असेल. जुन्या यंत्रावर खाते उघडेच राहत होते, म्हणून हे कोणाच्या ध्यानात आले नाही. शिवाय आता जीमेल बाहेरच्या कार्यक्रमांना खात्याच्या नुसत्या पासवर्डावर आत घेत नाही. ब्राउझरची खिडकी उघडते आणि तिथे परवानगी द्यावी लागते, तेव्हा पुन्हा तोच अंक. दोन वर्षे कोणी उघडलेच नाही असे वैयक्तिक खाते गूगल डिसेंबर २०२३ पासून काढूनही टाकू शकते.

तेव्हा जुने यंत्र चालू आणि खाते उघडे असतानाच, खात्याच्या 'सिक्युरिटी' पानावर जाऊन आजचा मोबाइल नंबर आणि दुसरा एखादा ई-मेल पत्ता नोंदवा. तिथे 'बॅकअप कोड' म्हणून आठ-आठ अंकांचे दहा आकडे मिळतात. ते कागदावर उतरवून शाळेच्या कपाटात कुलपात ठेवा आणि प्रभार देताना यादीत लिहा. जुने यंत्र आधीच बंद पडले असेल, तरी त्यातली डिस्क पुष्कळदा चांगली असते. ती काढून यूएसबीच्या पेटीत बसवली की नव्या यंत्राला जोडून वाचता येते. म्हणून यंत्र बदल्यात द्यायचे झाले, तर डिस्क काढून घेऊनच द्या, आणि तिच्यावर शाळेचे नाव व तारीख लिहून चिठ्ठी चिकटवा.