पवनाकाठचा जुना पत्ता

कादंबरी हातात घेऊन मावळात फिरायचं असेल तर पुण्याहून येताना लोणावळ्याच्या आधीच, तळेगाव दाभाडे स्टेशनवर उतरावं. गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे गोनीदा, जन्माने वऱ्हाडातले. ८ जुलै १९१६ला परतवाड्यात जन्मलेल्या या माणसाने नर्मदा पायी पालथी घातली आणि बिऱ्हाड मात्र केलं तळेगावात. आमचं आंबी तिथून जवळच, इंद्रायणीकाठी. (लोणावळ्यापलीकडची अँबी व्हॅली वेगळी. तिथे जाणाऱ्यांनी इकडे वळू नये.) आज आंबीच्या रस्त्याने कंपन्यांच्या बस आणि कंटेनर धावतात. तरी आभाळ स्वच्छ असलं की पश्चिमेला डोंगरांची रांग दिसते, आणि त्याच डोंगरांत गोनीदांच्या दोन मावळी कादंबऱ्या घडतात: ‘माचीवरला बुधा’ आणि ‘पवनाकाठचा धोंडी’. पहिलीच्या मुलखात आजही पायी जाता येतं. दुसरीचा बराचसा मुलूख पाण्याखाली गेला आहे.

मुंबई सोडून बुधा राजमाचीला परततो आणि झाडाझुडपांत, जनावरांत रमतो. कथानक म्हणावं तर एवढंच, पण ते वाचून लोणावळ्याहून तुंगार्ली, फणसराईमार्गे उधेवाडीची वाट धरली की पुस्तक पावलापावलावर खरं ठरतं. श्रीवर्धन आणि मनरंजन हे बालेकिल्ले, त्यांच्यामधल्या खिंडीत भैरवनाथ, खाली तळ्याकाठचं शंकराचं देऊळ, हे सगळं जागच्या जागी आहे. बदल झालाय तो वस्तीत. आता घरोघरी जेवणाची पाटी आहे आणि मे संपता संपता काजवे बघायला तंबूंची रांग लागते. माझं मत विचाराल तर काजव्यांच्या दिवसांत तिथे जाऊच नये, कारण काजव्यांपेक्षा बॅटऱ्याच जास्त लुकलुकतात. दसऱ्यानंतरचा एखादा मधला वार निवडावा.

बुधाची वाट मावळातल्या घरांना ओळखीची आहे, फक्त उलट्या दिशेने. १८६३मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मावळातल्या माणसाला मुंबई जवळ आली. कोणी गिरणीत लागला, कोणी गोदीत. मुंबईच्या डबेवाल्यांत तर मावळ, मुळशी, खेड, जुन्नरची माणसंच अधिक. त्यामुळे इथल्या घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटलं की एक टोक वाडीत सापडतं आणि दुसरं परळच्या चाळीत.

धोंडीची गोष्ट निराळी. तो तुंगच्या पायथ्याचा, गडाच्या हवालदारीचा अभिमान रक्तात वागवणारा. या कादंबरीवर निघालेल्या चित्रपटाला १९६६चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे काही वर्षांतच पवना धरण झालं आणि काठच्या वाड्या, भातखाचरं, पाणंदी बुडाल्या. पिंपरी-चिंचवडचे नळ या पाण्यावर चालतात, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या मागण्या अजून मिटलेल्या नाहीत. घुसळखांबवरून तुंगवाडीला जाऊन गड चढला, वर तुंगाईचं दर्शन घेतलं आणि खाली पाहिलं की समोर तिकोना दिसतो, पलीकडे लोहगड आणि विसापूर. मधल्या दरीत पाणीच पाणी.

इथे घरबसल्या प्रवास करणाऱ्याचीही पंचाईत होते. गूगल अर्थमध्ये तुंगभोवती हवं तितकं फिरता येतं, पण त्यातला काळाचा चलतपट सुरू होतो १९८४पासून. धरण त्याआधीच भरलेलं. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रहसुद्धा जुलै १९७२मध्ये सुटला. पाणी चढण्याआधीची ही दरी बघायची तर भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे हवेत. त्यांत वाड्या, देवळं, पाऊलवाटा, नदीची वळणं दाखवलेली असतात. असा नकाशा स्कॅन करून गूगल अर्थवर पसरायचा आणि तुंग, तिकोना, लोहगड यांची शिखरं जुळवायची. शिखरं हलत नाहीत, हा मोठाच फायदा. मग नकाशा थोडा पारदर्शक केला की निळ्या पाण्यातून जुनी पवना वाहताना दिसते. संगणकाशी फारशी मैत्री नसलेल्यालाही एखाद्या दुपारी जमावं असं हे काम आहे.

कादंबरीतली ठिकाणं धुंडाळण्याचा नाद जगभर आहे. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ची सगळी गोष्ट १६ जून १९०४ या एका दिवसात घडते, म्हणून दरवर्षी त्या तारखेला डब्लिनमध्ये लोक पुस्तकातल्या रस्त्यांनी हिंडतात. ते शहर बरंचसं शाबूत आहे. पवनाकाठच्या वाचकाला तशी सोय नाही, पण त्याच्याकडे दुसरं काही आहे: ती दरी पाहिलेली, आता सत्तरी-ऐंशीत असलेली माणसं.

आपल्या घराण्याचा इतिहास शोधायला त्यांच्याकडे जाण्याआधी कागद गोळा करावेत. सातबाऱ्यावरून फेरफार, फेरफारावरून त्याआधीची हक्काची पत्रकं, मग शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर आणि कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना १४. सप्टेंबर २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून ही नावं घरोघरी माहीत झाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. दाखल्यासाठी का होईना, लोक पणजोबाच्या बापाचं नाव शोधू लागले. जुन्या नोंदीत आडनाव नसणं साधारण, म्हणून आडनावापेक्षा गावाच्या नावाने शोधलेलं बरं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडेही आधी गावच विचारतात. त्यांच्या वहीत आपल्या पूर्वजाने यात्रेला आल्यावर लिहून दिलेली वंशावळ मिळाली तर नशीब. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशा वह्यांची अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळी संस्थेने मायक्रोफिल्म करून ठेवली आहे. त्याहून मागे जायचं तर पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुनं पेशवे दप्तर, किंवा १९१०मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ. तिथे मोडीशिवाय पान हलत नाही.

कागद नाव सांगतो, गुंठे सांगतो, वारस सांगतो. त्या घरात कोणते शब्द बोलले जात, भाताची रोपं लावताना बायका काय गुणगुणत, हे त्यात नसतं. आणि म्हाताऱ्या माणसाला सरळ विचारलं, “आजी, तुमच्या जुन्या गावाचं सांगा की,” तर उत्तर ठरलेलं: “काय सांगायचं त्यात?” इथे कादंबरी कामाला येते. धोंडीचं एखादं प्रकरण मोठ्याने वाचावं. गोनीदांच्या कादंबऱ्यांची अभिवाचनं त्यांच्या कन्या वीणा देव यांच्या घराने वर्षानुवर्षं केली, तेव्हा हे लिखाण कानांसाठीच आहे हे वेगळं सांगायला नको. दोन-तीन पानं झाली की आजीची हरकत येते: “आमच्यात असं नव्हतं म्हणत.” दुसरी हरकत येते ती रस्त्याबद्दल, तिसरी देवाच्या जत्रेबद्दल. घराण्याचा इतिहास या हरकतींत असतो. मग तो पसरलेला नकाशा पुढे ठेवावा आणि बोट कुठे टेकतं ते पाहावं.

एक पथ्य मात्र कडक पाळावं. कादंबरी पुरावा नव्हे. धोंडी कोणाचा आजोबा नाही, आणि त्याची हवालदारी आपल्या वंशावळीत घुसडायची नाही. अशा जोडकामाचा मोह मी अनेक घरांत पाहिला आहे. छापील वंशावळीत कोणी ना कोणी थेट छत्रपतींच्या सैन्यात असतोच.

उन्हाळ्यात धरण आटलं की पाण्याखालचं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर उघडं पडतं आणि पाऊस सुरू झाला की पुन्हा बुडतं. एप्रिल-मेमध्ये घरातल्या ज्येष्ठांना कामशेतवरून पवनानगरला घेऊन जावं, जमलं तर देवळापर्यंत. ऊन चढायच्या आत, सोबत टोपी, पाणी आणि बसायला घडीची खुर्ची. फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवावं आणि प्रत्येक फाइलला बोलणाऱ्याचं नाव, वाडी आणि तारीख त्याच दिवशी द्यावी. नाहीतर दिवाळीपर्यंत कोणता आवाज कुणाचा यावरून घरात वाद होतात.