घरातली व्हॅनिला अशी का वागते?

नर्सरीतून किंवा कुणाच्या तरी बागेतून व्हॅनिलाचं एक छाट घरी येतं. पडवीत नाहीतर खिडकीजवळ कुंडीत लागतं. पहिले काही महिने बरे जातात, मग फोन सुरू होतात. 'बुंधा काळा पडलाय', 'मुळं भिंतीला चिकटलीत', 'पानं सुरकुतली'. इन्सुलीतल्या आमच्या शेजारच्या काकींनी तर सरळ विचारलं, "वेल मेली काय गे?"

मेली नव्हती. पण अशी जिवंत वेल उपटून फेकली जाते, किंवा काळजीपोटी रोज पाणी घालून खरोखरच मारली जाते. माझं पीएचडीचं काम वनस्पती पाणी कसं वापरतात यावर आहे, म्हणून आज व्हॅनिलाच्या या 'विचित्र' वागण्याचा अर्थ लावूया.

आधी तिचा स्वभाव

व्हॅनिला हे एक ऑर्किड आहे, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलातलं. आपल्या मिरवेलीसारखीच झाडाला धरून वर जाते. फरक असा, की तिचा जमिनीशी असलेला संबंध फार पक्का नसतो. प्रत्येक पेऱ्यावर पानासमोर एक मूळ फुटतं. त्या मुळांनी ती खोडाला धरते आणि साल, पालापाचोळा, ओलावा यातून पाणी आणि अन्नद्रव्यंही घेते.

दुसरी गोष्ट, ती रात्रपाळी करते. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आणि त्याच वेळी बरंच पाणी वाफ होऊन उडतं. व्हॅनिला ही छिद्रं मुख्यतः रात्री उघडते. आत घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा छिद्रं मिटून, उजेडात, त्यापासून साखर बनवते. पानफुटीचंही असंच असतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात असलेल्या बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पानं चावून पाहिली होती. ती सकाळी आंबट लागतात आणि दिवस चढेल तशी ही चव जाते, हे त्यांचं निरीक्षण १८१५ साली छापून आलं. (व्हॅनिलाचं पान मात्र चावून बघू नका. तिच्या चिकाने कातडीलाही खाज सुटते.)

थोडक्यात, ही पाणी जपून वापरणारी वेल आहे. जाड पानांत आणि खोडात तिचा साठा असतो. तिला आपण तुळशीसारखं रोज पाणी घालतो, तिथेच घोळ होतो.

आता एकेक लक्षण

*बुंधा काळा पडला, वर मात्र हिरवीगार.* काळा भाग कोरडा असेल, तिथेच थांबला असेल आणि वरच्या मुळांनी काठी घट्ट धरली असेल, तर घाबरू नका. जुना बुंधा गेला तरी वेल वरच्या मुळांवर जगते. पण तो भाग मऊ, ओलसर असेल आणि तपकिरी रंग वर सरकत असेल, तर ती कूज आहे. व्हॅनिलाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे फ्युझेरियम बुरशी, आणि तिला साचलेला ओलावा आवडतो. स्वच्छ पात्याने निरोगी हिरव्या भागापर्यंत वर जाऊन कापा. वरचा तुकडा आठवडाभर सावलीत सुकू द्या. मग दोन-तीन पेरी ओलसर पाचोळ्यात आडवी ठेवा, पण कापलेलं टोक मातीच्या वरच राहू द्या.

*पानं सुरकुतली.* हे सगळ्यात फसवं लक्षण. पाणी कमी पडलं तरी पानं सुरकुततात, आणि पाणी जास्त होऊन मुळं कुजली तरीही, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून झारी उचलण्याआधी कुंडीत बोट घालून बघा. कोरडं असेल तर पाणी द्या. ओलं असेल तर पाणी बंद करा आणि मुळं तपासा. टणक आणि फिकट असतील तर चांगली, दाबल्यावर साल सुटून आली तर कुजलेली.

*पेरी लांब, पानं लहान.* उजेड कमी पडतोय. वेल उजेडाच्या शोधात ताणली जातेय. तिला पोफळीखाली पडतो तसा गाळीव उजेड लागतो. उलट, दुपारचं थेट ऊन लागलं तर पानं पिवळट होतात, करपल्यासारखे डाग पडतात.

*शेंडा रोज वेगळ्या दिशेला.* वेलींचे शेंडे वाढताना हळूहळू गोल फिरत आधार शोधतात. डार्विनने १८६५ साली वेलींच्या या हालचालींवर सविस्तर लिहिलंय. खिडकीच्या गजात घुसण्याआधी तिला काठी द्या. काठीला नारळाचं सोडण बांधलं तर उत्तम. फक्त सोडण आधी भिजवून, दोन-तीनदा पाणी बदलून घ्या, म्हणजे त्यातले क्षार निघून जातील. मुळं भिंतीऐवजी सोडणाला धरतील. पाणीही कुंडीपेक्षा या सोडणावर फवारलेलं बरं.

*शेंडा सुकला.* खालच्या पेऱ्यातून नवा फुटवा येतो. वाट बघा.

फुलं का येत नाहीत?

घरात ऋतू नसतो, हे मोठं कारण. बाहेर जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि नंतर लांबलचक कोरडे महिने. या कोरड्या काळाचा ताण फुलं धरायला मदत करतो. आपण मात्र पडवीत बारा महिने सारखंच पाणी घालतो. म्हणून पावसाळ्यात पाणी जवळजवळ बंद ठेवा, वारा खेळता राहू द्या. नोव्हेंबर-डिसेंबरपासून साधारण दोन महिने मुद्दाम हात आखडता घ्या.

शिवाय वेल जाड आणि लांब झालेली हवी. छाटापासून साधारण तीन वर्षं धरा. बागायतदार ती वर चढू दिल्यावर खाली वळवून लोंबती ठेवतात आणि हंगामाच्या सहा-आठ महिने आधी शेंड्याचे १०-१५ सेंटिमीटर खुडतात. लोंबत्या भागावर फुलं येतात.

फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मावळतं. आपल्याकडे त्याचं परागीभवन करणारा कीटक नाही, म्हणून ते हातानेच करावं लागतं. १८४१ साली रेयुनियों बेटावर एडमंड आल्बियस या १२ वर्षांच्या, गुलामगिरीत असलेल्या मुलाने दाखवलेली रीत आजही तशीच वापरतात. झाडूचा एक हीर घ्या. फुलातल्या नर आणि मादी भागांमधला नाजूक पडदा त्याने वर उचला आणि अंगठ्याने पराग खाली दाबा. जमलं तर फूल सुकूनही देठाला राहतं, नाहीतर एक-दोन दिवसांत गळतं. शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात. हिरव्या शेंगेला वास नसतो. तो नंतर वाफवून, घाम आणून, वाळवल्यावर येतो.

काकींची वेल आता वरच्या चार मुळांवर उभी आहे. नवीन पान आलंय. तिला या सगळ्यात पाणी मिळालं ते आठवड्यातून दोनदा, आणि तेही सोडणावर. तुमच्या वेलीला काही झालंय असं वाटलं, तर आधी मुळं बघा आणि मगच पाणी घाला.