मोठ्या पाकळीचा ‘हार्डनेक’ लसूण आपल्या रानात का पोसत नाही? बियाणं घेण्याआधी हे वाचा

लसूण लागवडीचे दिवस जवळ आले की मोबाईलवर मोठ्या पाकळीच्या लसणाचे फोटो फिरायला लागतात. गड्ड्यात चार-सहाच पाकळ्या, पण एकेक अंगठ्याएवढी. सोलायलाही सोपी. बियाणं मागवायचा मोह कोणालाही होईल. पण या लसणाला काय लागतं, ते आधी समजून घ्या.

हार्डनेक म्हणजे काय?
या लसणाच्या मधोमध कडक दांडा येतो आणि पाकळ्या त्याच्याभोवती एका रांगेत बसतात. आपल्या नेहमीच्या लसणाची मान मऊ असते, म्हणून तर पातीसकट जुड्या बांधता येतात. त्याच्या पाकळ्या बारीक आणि जास्त असतात, पण तो टिकतो जास्त. हार्डनेक साधारण चार ते सहा महिनेच टिकतो.

तो पिकतो कुठे?
कॅनडातला ‘म्युझिक’ हा त्यातला नावाजलेला वाण. अल म्युझिक नावाच्या शेतकऱ्याने १९८० च्या दशकात इटलीहून बियाणं आणलं, त्याचंच नाव वाणाला पडलं. तिकडे ऑक्टोबरमध्ये पाकळ्या लावून वर पेंढा पसरतात. हिवाळाभर रान बर्फाखाली असतं. जूनमध्ये कोवळे दांडे कापतात, म्हणजे गड्डा चांगला भरतो. दांड्यांची भाजी होते. जुलैत काढणी. हा लसूण कच्चा झणझणीत लागतो, भाजला की गोडसर होतो.

आपल्याकडे अडतं कुठे?
दोन गोष्टी लागतात: काही आठवडे कडक थंडी आणि नंतर मोठा दिवस. जूनमध्ये तिकडे दिवस १५ तासांचा असतो. आपला लसूण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, तेव्हा दिवस जेमतेम १२ तासांचा. त्यामुळे पात जोरात वाढते, पण गड्डा धरत नाही. कधी एकच गोल पाकळी मिळते.

पाकळ्या फ्रिजमध्ये ठेवून लावल्या तर? थंडीची गरज काही प्रमाणात भागेल, पण दिवस कुठून वाढवणार? आपल्याकडे जूनमधला सर्वात मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि तोवर ऊन-पाऊस पीक ठेवत नाही.

आपल्या देशातला ‘ॲग्रीफाउंड पार्वती’ हा मोठ्या पाकळीचा वाणही उत्तरेकडच्या डोंगराळ भागासाठीच शिफारस केलेला आहे.

मग करायचं काय?
लसणाला एकरी दोन-अडीच क्विंटल बियाणं लागतं. खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. बियाणं चुकलं तर पुढची मेहनतही वाया. म्हणून आपल्या भागात चालणारे गोदावरी, श्वेता, भीमा पर्पल असे वाण घ्यावेत. विकणाऱ्याला वाणाचं नाव विचारावं, पक्कं बिल घ्यावं. नुसतं ‘पहाडी’ किंवा ‘विदेशी’ सांगत असेल तर थांबावं.

हौस असेल तर दहा-वीस पाकळ्या परसात लावाव्यात. गड्डा नाही मिळाला, तरी पात चटणीला कामी येईल.