यंत्रानें काढलेला नेमणुकीचा हुकूम

आपल्या शेतकरी बंधूंपैकीं पुष्कळांचे मुलगे व मुली शिकून सरकारी नोकरीची वाट पाहत आहेत. पूर्वीं नेमणूक कचेरींतील माणूस ठरवी. हल्लीं हें काम संगणकाकडे जात चाललें आहे. आपल्या राज्यांत जिल्हा परिषदांचे शिक्षक चाचणीचे गुण व उमेदवाराचा पसंतिक्रम पाहून ‘पवित्र’ नांवाच्या संगणकप्रणालीमार्फत नेमले जातात. म्हणून इटली देशांत अशा कामीं काय घडलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

तेथें २०१५ सालच्या कायद्यानें सुमारें १,००,००० शिक्षक कायम नेमण्याचें ठरलें. इतक्या अर्जांचा व जिल्ह्यांचा मेळ कारकुनांच्यानें वेळेवर बसणें कठीण, म्हणून तो संगणकानें घातला. हुकूम निघाले, आणि कित्येकांस घरापासून शेंकडो मैलांवर जावें लागलें. कांहींस न मागितलेल्या इयत्ता मिळाल्या. दूर जाणें एक वेळ सोसवतें. परंतु आपल्याहून खालच्या क्रमांकाच्या माणसास हवा तो जिल्हा मिळाला, ही त्यांची मुख्य तक्रार होती. आणि हुकुमांत कारण लिहिलेलें नव्हतें.

असें कसें होऊं शकतें? समजा, पहिल्या फेरींत दूरच्याच जागा मोकळ्या आहेत. वरच्या क्रमांकाचा उमेदवार तेथें नेमला जातो. दुसऱ्या फेरींत गांवाजवळची जागा उघडते, ती खालच्यास मिळते. यंत्रानें दोन्ही वेळां दिलेला नियम बिनचूक चालविला, तरी वरच्यावर अन्याय झालाच. फेऱ्यांचा क्रम कोणी व कां लाविला, हें त्यास कळावयास नको काय? आम्ही मुलकी खात्यांत असतांना आणेवारीचा आकडा गांवास कळे, पण तो कोणत्या शेतांतील पिकावरून काढला हें कळत नसे. तेव्हांची लोकांची चडफड आम्हीं समोर बसून पाहिली आहे.

२०१७ मध्यें रोम येथील प्रशासकीय न्यायालयानें शिक्षकांच्या संघास शिक्षकांच्या बदल्या ठरविणाऱ्या अशाच प्रणालीची मूळ आज्ञावली पाहूं देण्याचा निकाल दिला. पुढें ८ एप्रिल २०१९ रोजीं वरिष्ठ न्यायालयानें ठरविलें कीं, मोठ्या संख्येच्या कामांत यंत्र वापरणें इष्टच आहे; परंतु यंत्रांतील नियम समजेल अशा भाषेंत सांगतां आला पाहिजे व न्यायाधीशास तपासतां आला पाहिजे. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत आणखी ठरलें कीं, यंत्राचा निर्णय पडताळून तो खोडून काढूं शकणारा माणूस मध्यें असलाच पाहिजे.

इटलींतील यंत्र ठरीव नियमांवर चालणारें होतें, हें लक्षांत असावें. कृत्रिम बुद्धिमत्ता मागील हजारों निवडींवरून आपला नियम आपणच बसविते. त्या निवडींत मुलींस किंवा खेड्यांतील मुलांस डावललें असेल, तर तेंच ती उचलते. आणि तो नियम उलगडून दाखविणें ती घडविणारांसही अवघड जातें. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यांत नोकरभरतीचीं अशीं यंत्रें मोठ्या जोखमीचीं गणून त्यांवर माणसाची देखरेख आवश्यक केली आहे.

आपल्या मुलांनीं अर्ज भरतांना पसंतिक्रमाची व गुणपत्रकाची प्रत काढून ठेवावी. हुकुमाविषयीं शंका आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीं आपला क्रमांक, त्या जागेवर नेमलेल्याचा क्रमांक व फेरीचा नियम, हीं तीन कलमें निरनिराळीं मागावीं. एकत्र विचारल्यास कचेरी सोपें तेवढेंच उत्तर देऊन मोकळी होते. अर्जाची पोंच तारखेसह घ्यावी.