'मिस' या इंग्रजी क्रियापदाविषयीं

आपलें मनमाड हें जंक्शन. मुंबई, भुसावळ, दौंड व छत्रपति संभाजीनगर या चारी बाजूंच्या गाड्या येथें मिळतात. तेव्हां गाडी मिळणें व गाडी चुकणें या दोन्ही गोष्टींशीं आमचा परिचय आहे. तथापि 'माझी गाडी चुकली' हें साधें वाक्य इंग्रजींत लिहितांना पुष्कळ विद्यार्थी 'माय ट्रेन मिस्ड' असें लिहितात, आणि तेथेंच घोटाळा होतो.

मराठींत 'चुकणें' हें अकर्मक क्रियापद असून वाक्याचा कर्ता गाडी आहे. इंग्रजींत 'मिस' हें येथें सकर्मक. कर्ता मनुष्य व गाडी हें कर्म. म्हणून 'आय मिस्ड द ट्रेन' असेंच म्हटलें पाहिजे. 'मी गाडी चुकविली' असें मराठींत म्हटल्यास ती जाणूनबुजून चुकविली असा अर्थ होतो. 'मिस' या शब्दांत तसा हेतु गृहीत नसतो. तापानें अंथरुणास खिळलेला मुलगा इंग्रजींत शाळा 'मिस' करतो. परंतु तो शाळा चुकवितो असें आपण म्हणणार नाहीं.

नेम हुकणें, संधि दवडणें, यांसही हेंच क्रियापद चालतें. त्यापुढें दुसरें क्रियापद आल्यास तें 'इंग'कारान्त असावें: 'आय मिस्ड सीइंग हिम' हें शुद्ध, 'आय मिस्ड टु सी हिम' हें अशुद्ध.

वसतिगृहांतील मुलगा घरीं 'आय मिस यू' असें लिहितो, तेव्हां मात्र कांहींच चुकलेलें नसतें. जवळचें माणूस जवळ नाहीं, ही उणीव मनास लागते, एवढाच त्याचा अर्थ. मराठींत आपण 'आई, तुझी फार आठवण येते' असें म्हणतों. येथेंही मराठी वाक्याचा कर्ता 'आठवण' आहे, आणि इंग्रजी वाक्याचा कर्ता 'मी'!

मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं प्रसिद्ध झाला. कोश शब्दाचे अर्थ देतो. वाक्यांतील कर्ता कोण, हें मात्र ज्याचें त्यानें पाहावें लागतें.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंत पापास 'हमार्तिया' हा शब्द आहे, आणि त्याच्या क्रियापदाचा जुना अर्थ नेम चुकणें असाच आहे. आपल्या 'चुकणें' मधूनही 'चूक' निघाली. तेव्हां, विद्यार्थिमित्रांनो, मराठींत गाडी खुशाल चुकूं द्या. परंतु उशिरा येण्याचें कारण इंग्रजींत लिहावयाचें झाल्यास वाक्याच्या आरंभीं 'आय' लिहिण्यास कचरूं नका.