मोडलेले हाड कसे जुळते?



मागच्या पावसाळ्यात आमच्या उस्मानाबादी शेळीचे करडू बांधावरून उडी मारताना पडले. पुढचा पाय गुडघ्याखाली लोंबू लागला. आजी चिंधी घेऊन पाय बांधायला निघाली. वडील म्हणाले, "थांब माय. मागची चूक पुन्हा नको." दोन वर्षांपूर्वी असेच एक करडू आम्ही घरीच घट्ट आवळून बांधले होते. त्याचा खूर थंड पडला, पाय काळा झाला आणि ते मेले.

या खेपेला करडू उचलून जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "हाड म्हणजे वाळलेले लाकूड नाही. ते जिवंत आहे, त्याला रक्त लागते. लई आवळलं की रक्त थांबतं, मग पाय सडतो."

हाडात दोन मुख्य गोष्टी असतात. कॅल्शियम व फॉस्फरसच्या क्षारांमुळे ते टणक होते आणि चिवट धाग्यांमुळे ते लगेच तुटत नाही. आमच्या वर्गात सरांनी कोंबडीच्या तंगडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले. क्षार निघून गेले आणि हाड रबरासारखे वाकले! लांब हाड मधून पोकळ नळीसारखे असते व त्यात मगज असतो. वरून पातळ पण मजबूत आवरण असते.

लहान जनावराच्या लांब हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चेची चकती असते. तिथे नवे हाड तयार होते व पाय लांब होतो. जनावर मोठे झाले की चकती टणक होते आणि वाढ थांबते. आपलेही तसेच आहे.

आता हाड जुळते कसे ते पाहू. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते. मग वरच्या आवरणातून व आतून नव्या पेशी येतात व मऊ कूर्चेची गाठ बांधतात. त्या गाठीत क्षार भरले की ती टणक होते. पुढे कित्येक महिने शरीर ती गाठ घासूनपुसून सारखी करते. म्हणजे हाड जोडतो तो डॉक्टर नव्हे, हाड स्वतःच जुळते! डॉक्टर फक्त ते सरळ व स्थिर धरून ठेवतात. हाड हलत राहिले तर जुळत नाही, वाकडे धरले तर वाकडेच जुळते.

म्हणून एवढे लक्षात ठेवा:

१. मोडलेला पाय ओढू नका, चोळू नका.
२. दवाखान्यात नेईपर्यंत पायाभोवती कापूस गुंडाळा, दोन्ही बाजूंनी बांबूच्या कामट्या लावा व बेताने बांधा.
३. खूर थंड लागला किंवा सुजला तर बांधलेले लगेच सैल करा.
४. हाड कातडीबाहेर आले असेल तर स्वच्छ कापडाने झाका व ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.
५. बैल, गाय मोडक्या पायाने चालवत नेऊ नका. डॉक्टरांना गोठ्यावर बोलवा. त्यांचे वजन मोठे, त्यामुळे हाड जुळणे अवघड जाते.

आमच्या करडाचे प्लॅस्टर चार आठवड्यांनी काढले. नळीवर गाठ अजून हाताला लागते. पण ते पुन्हा बांधावरून उड्या मारते, आणि आजी काठी घेऊन त्याच्यामागे धावते!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी