कपडे वाळतात उन्हाने की वाऱ्याने?

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर जिथून चंद्रपूरचा रस्ता फुटतो, ते वर्धा जिल्ह्यातले जाम. या भागात नवतप्याच्या दिवसांत दुपारी चादर दोरीवर टाकली, की बघता बघता ती कडक होते. तीच चादर ऑगस्टच्या झडीत दोन-दोन दिवस ओली राहते आणि तिला कुबट वास येऊ लागतो. मग घरात विषय निघतो, कपडे वाळवायचे यंत्र घ्यावे का? घेण्याआधी कपडा वाळतो म्हणजे नेमके काय होते, ते पाहू.

कपडे उन्हाने वाळतात असे आपण म्हणतो. ते अर्धे खरे आहे. कपड्यातले पाणी वाफ होऊन हवेत जाते आणि हवेत जागा असेल तेवढेच जाते. मे महिन्याच्या दुपारी तापमान ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर एक घनमीटर हवा आणखी सुमारे ४५ ग्रॅम पाणी सामावून घेऊ शकते. झडीच्या दिवसांत तापमान २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्याच हवेत जेमतेम ४ ग्रॅमची जागा उरते. उन्हाळा आणि पावसाळा यांत दहा पटींहून अधिक फरक पडतो तो इथे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. ओल्या कपड्याला लागून असलेली हवा लवकरच पाण्याने भरून जाते. ती हटून नवी हवा आली नाही, तर वाळणे मंदावते. वाफ होण्यासाठी उष्णताही लागते. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिट विजेइतकी ऊर्जा खर्ची पडते. विदर्भात कूलर वापरणाऱ्यांना हे सांगायला नको. ताट्यांमधले पाणी वाफ होताना हवेतलीच उष्णता ओढून घेते, म्हणून वारा गार लागतो. दोरीवरचा कपडाही हेच करतो. त्याला लागणारी ऊर्जा सूर्य आणि वारा फुकट पुरवतात, यंत्रात मात्र ती मीटरवर मोजली जाते.

इथे एक घोटाळा दूर करू. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबाला आपण ड्रायर म्हणतो. तो कपडे वाळवत नाही, पिळतो. खरा ड्रायर वेगळा. त्यात मोठे पिंप सावकाश फिरते, कपडे त्यात उलटेपालटे होतात आणि त्यांतून गरम हवा खेळवली जाते. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात हिवाळ्यात बाहेर टाकलेले कपडे अक्षरशः गोठत. तिथल्या जे. रॉस मूर यांनी असे यंत्र तयार केले आणि १९३८ मध्ये ते ‘जून डे’ या नावाने बाजारात आले. त्यांचा जून म्हणजे स्वच्छ उन्हाचा महिना. आपला जून म्हणजे पावसाची सुरुवात!

आता हिशेब. पाच किलो सुती कपडे मशीनमध्ये चांगले पिळून निघाले, तरी त्यांत सुमारे तीन लिटर पाणी राहते. हाताने पिळले तर आणखी जास्त. हे तीन लिटर उडवायला साध्या ड्रायरला तीन युनिटांच्या आसपास वीज लागते. हीट पंप असलेल्या यंत्राला साधारण निम्मी लागते, पण त्याची किंमत जास्त असते. महिन्यात वीस वेळा साधा ड्रायर चालवला तर साठ युनिटे वाढली. घरगुती विजेचा दर शंभर युनिटांनंतर वरच्या टप्प्यात जातो, हे बिल भरणाऱ्याला ठाऊक आहेच. या उलट ७५ वॅटचा पंखा रात्रीचे आठ तास चालला तर पाऊण युनिटही जळत नाही. आणि पाणी पिळून काढायला जी वीज लागते, ती वाफ करून काढण्याच्या मानाने अगदी किरकोळ. म्हणून पावसाळ्यात कपडे दोनदा पिळणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

कापसाच्या प्रदेशात राहणाऱ्यांना ओलावा हा शब्द नवा नाही. हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा भाव ओलाव्यावर हलतो. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेला कापूस कोरडाच मानला जातो. अंगातल्या सुती सदऱ्याचेही तसेच, तो वाळला तरी त्याच्या धाग्यात थोडे पाणी असतेच. ड्रायर गरजेपेक्षा जास्त चालला तर तेही निघून जाते आणि धागा रुक्ष होतो. यंत्राच्या जाळीत जमणारा मऊ कापूस म्हणजे आपल्याच कपड्यांची झीज. ही जाळी प्रत्येक वेळी साफ करावी लागते, कारण साचलेला हा कापूस पेट घेऊ शकतो.

मग यंत्र कोणीच घेऊ नये का? तसे नाही. ज्या फ्लॅटला गॅलरी नाही, जिथे अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे किंवा तान्हे मूल आहे, तिथे पावसाळ्यात ते उपयोगी पडते. रुग्णालये आणि हॉटेले यांना तर त्यावाचून गत्यंतर नाही. पण गच्ची आणि ओटा असलेल्या घरात वर्षाचे आठ महिने ते कोपऱ्यात उभे राहील.

पावसाळ्यात कपडे घरातच वाळवायचे असतील तर आणखी एक हिशेब ध्यानात घ्या. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीतली पावसाळी हवा सगळी मिळून शंभर ग्रॅमच्या थोडे वर, म्हणजे अर्धा पेला पाणी घेऊ शकते. कपड्यांत तर तीन लिटर आहे! म्हणून खिडकी उघडी हवी. दोन कपड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा, जाड कपडे उलटे करून खिसे बाहेर काढा, पंखा लावा. कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवला तरी काम होते. मात्र कूलरचे अर्थिंग नीट आहे ना, हे आधी पाहा.

कुबट वास हा निव्वळ नाकाचा प्रश्न नाही. कपडा फार वेळ ओला राहिला की त्यात जंतू वाढतात. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू या वासाला कारण असल्याचे २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. दमट अंतर्वस्त्रे आणि घट्ट जीन्स अंगावर राहिल्या तर गजकर्णाच्या बुरशीला आयते घर मिळते. शिवण आणि कमरपट्टा हाताने चाचपून पाहा. तिथे ओल असेल तर कपडा वाळलेला नाही. इस्त्री फिरवा आणि मगच घाला.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कपडे वाळत घालायला आपण लोखंडी तार बांधतो. तिचे एक टोक टिनाच्या शेडला, दुसरे कधी विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाला. पावसात कुठे तरी वायरचे आवरण फाटलेले असते, वीज तारेत उतरते आणि ओल्या हातांनी ओला कपडा टाकणारी बाई जागीच कोसळते. पावसाळा आला की अशा बातम्या येतात. महावितरणही खांबाला आणि ताणाला तार बांधू नका, असे आवाहन करते. तारेऐवजी नायलॉनची किंवा सुती दोरी बांधा. ती विजेच्या वायरीपासून आणि मीटरपासून दूर ठेवा. घरात अर्थ लिकेज ब्रेकर बसवून घ्या.

ड्रायर घ्यायचा की नाही, ते ज्याने त्याने आपली जागा आणि आपले बिल पाहून ठरवावे. तार सोडून दोरी बांधायला मात्र पाच मिनिटे लागतात. पहिली झड लागण्याआधी तेवढे करून घ्यावे.